पुरचुंडी, लखोटा आणि मायना

सुदाम्याने द्वारकेस नेलेल्या पोह्यांची गोष्ट आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेली असते, की तीत पोह्यांइतकेच महत्त्व ज्या वस्तूस आहे तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. भागवतात ही कथा येते ती अशी, की सुदाम्याची पत्नी शेजारपाजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी पोहे मागून आणते, ते फडक्याच्या एका तुकड्यात बांधते आणि उपायन म्हणून पतीच्या हाती देते. द्वारकेच्या वैभवापुढे संकोचलेला तो गृहस्थ ती पुरचुंडी दडवू पाहतो, आणि श्रीकृष्ण ती आपल्या हाताने ओढून घेतो. पोहे परातीत उघडे असते तर ते दडविता आले नसते आणि ओढूनही घेता आले नसते. संकोच, कुतूहल, लगट आणि प्रीती असे या प्रसंगातील सारे नाट्य त्या चिंधीच्या गाठीवर उभे आहे. आणि ज्या बाईने ती गाठ मारली तिचे नाव सांगण्याची तसदी ग्रंथकाराने घेतलेली नाही, हेही जाता जाता नमूद करावयास हवे, कारण घरोघरी भेटी बांधणाऱ्या हातांच्या नशिबी आजतागायत हेच आले आहे.

वाढदिवसाची, लग्नाची, मुंजीची किंवा दिवाळीची भेट आपल्या हाताने बांधावी व तिच्यासोबत जावयाचे शुभेच्छापत्रही आपल्याच हाताने करावे, या हौसेला बाजाराने आता इतके साहित्य पुरविले आहे, की दुकानातील तो रंगीत पसारा पाहणाऱ्याचा समज असा व्हावा, की ही कला परवा-परवा सातासमुद्रांपलीकडून आपल्याकडे आली. हा समज निम्मा खरा आहे. छापील कार्ड आणि चकाकणारा कागद बाहेरून आले, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु वस्तू उघडी देऊ नये, तिला वेष्टन असावे, आणि त्या वेष्टनानेच देणाऱ्याचा भाव व घेणाऱ्याचा मान सांगावा, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी अंगवळणी पडलेली आहे, की तिला कोणी कधी कला म्हटले नाही.

ज्यांनी जुन्या किराणा दुकानातील पुडी बांधणारा वाणी पाहिला आहे, त्यांना माझे म्हणणे पटवून द्यावे लागणार नाही. रद्दीच्या चौकोनी तुकड्यावर जिरे ओतून, दोन टोके जुळवून, कडा आत मोडून, आढ्याला टांगलेल्या रिळाचा दोरा खाली ओढून त्याचे दोन वेढे देऊन, बोटाला एक हिसका मारून तो तोडीपर्यंत त्याचे गिऱ्हाइकाशी चाललेले बोलणे क्षणभरही थांबत नसे. आणि ती पुडी घरी पोचेपर्यंत एक दाणाही सांडत नसे. वैद्याच्या चूर्णाची पुडी याहून नाजूक. तिला दोराही लागत नसे, कारण तिचे एक टोक दुसऱ्या टोकाच्या खिशात जाऊन बसे आणि घडीच घडीला धरून ठेवी. फुलवाल्याचा पानाचा पुडा तर वेष्टनशास्त्राचा कळसच म्हणावा लागेल, कारण त्यातील ओले पान फुलांना ताजे ठेवी, दाबापासून राखी, आणि काम झाल्यावर गाईच्या मुखी जाई. या तिन्ही कारागिरांपैकी एकालाही डिंकाची गरज भासली नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

सामान्यांची ही तऱ्हा झाली. दरबारी व्यवहारात वेष्टनाला कायद्याचेच स्वरूप आलेले होते. राजेरजवाड्यांमध्ये जी पत्रे जात त्यांना खलिता म्हणत, आणि खलिता म्हणजे केवळ कागद नव्हे, तर कागदासह त्याची थैली: सोन्याचा वर्ख शिंपडलेल्या कागदावर मजकूर लिहावयाचा, तो दुमडून आधी मलमलीच्या व मग किनखाबाच्या थैलीत घालावयाचा, तिचे तोंड रेशमी दोरीने आवळावयाचे आणि त्या दोरीला लाखेची मोहर लोंबती ठेवावयाची. थैली हाती येताच, आतील अक्षरही न वाचता, पाठविणाऱ्याने आपणास कोणत्या पायरीवर मानले आहे हे दरबारातील जाणत्याला समजे. याच लाखेवरून लखोटा हा शब्द रूढ झाला, आणि आज टपालाच्या पाकिटावर लाखेचा ठिपकाही नसताना आपण त्याला लखोटा म्हणतो. नजराण्याचे जिन्नस तबकांत मांडून, त्यांवर भरजरी रुमाल झाकून मिरवीत नेले जात. रुमाल दूर होईपर्यंत आत काय आहे याची जी उत्कंठा, तीच नजराण्याची अर्धी किंमत.

पत्राच्या आतही असेच होते. कोणाला कोणता मायना लिहावा, वडिलांस काय, धाकट्यांस काय, बरोबरीच्या सरदारास काय आणि धन्यास काय, याचे नमुने मेस्तक नावाच्या जुन्या पोथ्यांत घालून दिलेले असत, आणि मायन्यात झालेली चूक ही शाईची चूक समजली न जाता हेतूची चूक समजली जाई. पुढे सामान्य गृहस्थाच्या पोस्टकार्डावरही तीर्थरूप, चिरंजीव, साष्टांग नमस्कार विनंती विशेष ही परंपरा चालू राहिली. आणि मंगलकार्याच्या पत्राला कुंकवाचे बोट लावून ते पाठवावे, व अशुभ वार्तेचे पत्र वाचून होताच फाडून टाकावे, घरात ठेवू नये, ही जी रीत खेडोपाडी पाळली जाई, तिचा अर्थ इतकाच, की अक्षर न येणाऱ्या म्हातारीलाही कागदाकडे पाहताक्षणी त्यातील वार्तेची जात कळावी. कुंकवाच्या एका बोटाने जे साधते ते चार रंगांच्या छपाईने आणि सोनेरी गणपतीने साधते की नाही, याचा विचार हल्लीची भारी किमतीची लग्नपत्रिका हातात आल्यावर करून पाहावा. विशेषतः तिच्या तळाशी कृपया आहेर आणू नये अशी सूचना असेल तेव्हा.

आता छापील कार्डाविषयी. हाताने कार्ड करू इच्छिणाऱ्याने त्याच्या जन्माची हकीकत अवश्य जाणून घ्यावी, कारण ती मोठी उपरोधिक आहे. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत कोठेही पत्र नेण्याची व्यवस्था सुरू झाली, आणि तिच्या उभारणीत ज्यांनी हातभार लावला त्यांत हेन्री कोल नावाचे एक अत्यंत उद्योगी गृहस्थ होते. टपाल स्वस्त झाले तशी नाताळात येणाऱ्या पत्रांची संख्या वाढली; प्रत्येकास हाताने उत्तर लिहिणे शिष्टाचाराने आवश्यक, आणि कोलसाहेबांना सवड म्हणून नाही. तेव्हा त्यांनी १८४३ साली जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले, त्याच्या हजारभर प्रती छापविल्या, आणि वर नाव व खाली सही एवढीच जागा हाताने भरावयास मोकळी ठेवली. उरलेल्या प्रती एक शिलिंग दराने विक्रीस गेल्या. चित्रातील कुटुंबात लहान मुलांच्या ओठांनाही मद्याचा पेला लावलेला असल्यामुळे दारूबंदीवाल्यांनी बराच गहजब केला, तो भाग वेगळा. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की छापील शुभेच्छापत्र प्रेमाचा अतिरेक झाल्यामुळे जन्मास आले नाही. ते हाताचे श्रम वाचविण्याकरिता जन्मास आले. म्हणून जो मनुष्य आज चार तास खर्चून हाताने कार्ड करतो आणि ते अगदी विकतच्यासारखे दिसते या प्रशंसेने संतोष पावतो, त्याची मला कीव येते. कोलसाहेबांनी जे टाळण्यासाठी छापखाना गाठला, त्याचेच खोटे रूप तो घरात निर्माण करीत असतो.

आपल्याकडे १८५४ साली अंतर कितीही असो, अर्ध्या तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा असे एकच हशील ठरले, आणि १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. पुढे रविवर्म्याच्या चित्रांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघून नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, तेव्हा देवदेवतांची रंगीत चित्रे स्वस्त झाली, आणि त्या चित्रांतील लक्ष्मीच्या साडीला खरी जर व टिकल्या चिकटवून ती दिवाणखान्यात लावण्याचा एक नवाच उद्योग घरोघरच्या स्त्रियांना सापडला. छापील वस्तूला हाताचा स्पर्श देऊन ती पुन्हा आपली करून घेण्याचे याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही.

संक्रांतीची भेटकार्डे याच परंपरेतली. पतंगाचे, सुगडाचे किंवा नुसते तिळगूळ घ्या गोड बोला एवढ्या अक्षरांचे चित्र, आणि आत पतंगी कागदाच्या इवल्याशा पुडीत हलव्याचे चार दाणे, असा तो थाट असे. विद्यार्थिदशेत मी एकदा या बाबतीत पुष्कळच औदार्य दाखविले होते. परगावच्या एका वडीलधाऱ्या आप्तांना जाड पुठ्ठ्याचे कार्ड करून, त्यात हलव्याची चांगली गुबगुबीत पुडी डकवून मी ते टाकले. वजन करण्याची तसदी घेतली नाही. पत्र नॉटपेड झाले, त्या वृद्ध गृहस्थांना कमी पडलेल्या हशिलाच्या दुप्पट रक्कम मोजावी लागली, आणि मोजून हाती आले ते काय, तर टपालाच्या शिक्क्याखाली भुकटी झालेला हलवा आणि त्याचा माग काढीत आलेल्या मुंग्या. उत्तरी त्यांनी लिहिले की गोडी पोचली, आकार पोचला नाही. टपालाने पाठवावयाचे कार्ड चपटे, हलके आणि आधी काट्यावर तोललेले असावे, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. टिकल्या, मणी, गुंड्या यांचे उंचवटे ज्याला हवे असतील त्याने ते कार्ड हातोहात नेऊन द्यावे.

वेष्टनाच्या कागदाचीही एक हकीकत सांगितली जाते. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे हॉल बंधूंचे दुकान होते. १९१७ सालच्या नाताळात भेटी गुंडाळण्याचा साधा पातळ कागद संपला, तेव्हा पाकिटांना आतून अस्तर लावण्याकरिता फ्रान्सहून आणलेला नक्षीदार कागद त्यांनी दहा सेंटला एक याप्रमाणे मांडला, आणि तो हातोहात खपला. त्यातून पुढे छापील वेष्टनकागदाचा धंदा उभा राहिला. १९३० साली रिचर्ड ड्रू याने पारदर्शक चिकटपट्टी काढली, आणि घडी घालण्याच्या कौशल्याची गरज बहुतांशी संपली. चिकटपट्टीने सोय झाली, हे मी नाकारीत नाही; परंतु तिने वाण्याची आणि वैद्याची विद्या मात्र बुडविली. चारी बाजूंनी पट्ट्या मारलेली भेट उघडणाऱ्याला नखे लावावी लागतात, कागद फाडावा लागतो, आणि ज्या क्षणी गाठ हळूच सुटावी त्या क्षणी सभेत कर्कश आवाज होतो.

ही हळहळ येथेच सोडून प्रत्यक्ष कामाकडे वळू, आणि आरंभ कागदापासून करू, कारण नवशिक्यांचे निम्मे अपयश कागदाची जात न ओळखल्यामुळे येते. यंत्रावर तयार होणारा कागद धावत्या जाळीवर वाहत येतो, म्हणून त्यातील बहुतेक तंतू एकाच दिशेस आडवे झालेले असतात. कागदाचा ताव हातात घेऊन, न मोडता, आधी लांबीकडून व मग रुंदीकडून हलकासा वाकवून पाहावा; ज्या बाजूने तो निमूटपणे वाकतो, ती तंतूंची दिशा. कार्डाची घडी या दिशेला समांतर घातली तर ती धारेसारखी बसते. आडवी घातली तर घडीवर कागद फुटतो, रंग उडतो आणि कार्ड कधीही धड मिटत नाही. हातकागदाचे तसे नाही. लगद्याच्या हौदात चौकट बुडवून, ती वर काढताना चारी बाजूंनी हलवून घेतात, त्यामुळे तंतू वाटेल तसे गुंतून जातात आणि कागद कोणत्याही बाजूने सारखाच वागतो. त्याची कडा विरविरीत असते. ती कापून सरळ करणे म्हणजे कारागिराची सहीच पुसून टाकणे होय.

हातकागद ही महाराष्ट्राला परकी वस्तू नाही. दौलताबादेजवळचा कागजीपुरा, जुन्नर, आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा ही नावेच या धंद्याची साक्ष देतात; जुन्नरी आणि दौलताबादी कागदावर पेशवाईची दफ्तरे लिहिली गेली. कागद लगद्याचा करून, खळ देऊन, गुळगुळीत दगडाने घोटून घोटून इतका तुळतुळीत करीत, की बोरूचे टोक त्यावर कोठे अडू नये. गिरण्यांच्या कागदाने हा धंदा मागे पडला. मग गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्यास मगनवाडीत हातकागदाला पुन्हा आश्रय दिला, आणि १९४० साली प्रा. के. बी. जोशी यांनी पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी केली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद झाडाच्या लगद्याच्या सामान्य कागदाहून चिवट आणि दीर्घायुषी असतो. ज्या चिंधीत पोहे बांधावयाचे, तिचाच हा पुढचा जन्म.

कार्डासाठी कागद चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम वजनाचा घ्यावा. याहून पातळ असला तर ते उभे राहत नाही, आणि याहून जाड असला तर घडीला हट्ट करते. सर्वत्र मिळणारा ए-चार ताव २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो. त्याचे मधोमध दोन तुकडे करून प्रत्येकाला एक घडी घातली, की १०५ गुणिले १४८ मिलिमीटरची दोन कार्डे होतात, आणि त्यांना ११४ गुणिले १६२ चे तयार पाकीट नेमके बसते. आधी कार्ड करून मग त्याच्या मापाचे पाकीट शोधीत हिंडणाऱ्यांची संख्या मोठी आहे, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले. घडी घालण्यापूर्वी पट्टी ठेवून, विणण्याच्या बोथट सुईने किंवा शाई संपलेल्या पेनाने घडीच्या जागी दाबून रेघ ओढावी; रेघ कार्डाच्या बाहेरील अंगास ओढावी, म्हणजे पाठीमागे उठलेला उंचवटा घडीच्या पोटात जातो आणि पाठ सुबक राहते. चिकटविण्यासाठी डिंक किंवा खळ वापरावयाची तर ती अगदी विरळ लावावी, कारण कागद पाण्याने फुगतो आणि वाळताना आक्रसतो. डकविलेले कार्ड रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवावे. बुकबाईंडर खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्यामुळे मुलांच्या हातात द्यावयाच्या खळीत ते घालू नये.

सजावटीत माझा पक्ष साधेपणाचा आहे, पण एका गोष्टीपुरता मी तो सोडावयास तयार आहे. पिंपळाचे पान पाण्यात दोन-तीन आठवडे भिजत ठेवून, अधूनमधून पाणी बदलून, त्यातील गर कुजून सुटला की मऊ कुंचल्याने तो अलगद काढून टाकावा आणि उरलेली जाळी टीपकागदात दाबून वाळवावी, हा उद्योग एके काळी शाळकरी मुलांत इतका बोकाळला होता, की भूगोलाच्या पुस्तकात नकाशांपेक्षा पिंपळपाने अधिक सापडत. या कामाला वास फार येतो आणि घरची मंडळी कुरकुर करतात. परंतु गडद निळ्या किंवा कुंकवाच्या रंगाच्या कागदावर ते जाळीदार पान डकविले, की त्याच्यापुढे दुसरी कोणतीही नक्षी फिकी वाटते. पानावर पुन्हा गणपती रंगविण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा, शिरांची नक्षी पुरेशी आहे.

भेटवस्तूच्या वेष्टनात खरा शत्रू अंदाज हा असतो. कागद डोळ्यांनी मापून कापणारा मनुष्य एक तर बोटभर कमी कापतो व ठिगळ लावतो, नाही तर हातभर जास्त कापतो व टोकांशी बोचके करतो. हिशेब सोपा आहे. समजा खोका २० सेंटिमीटर लांब, १२ रुंद आणि ५ उंच आहे. रुंदी व उंचीची बेरीज १७, तिची दुप्पट ३४, आणि एकावर एक येण्यासाठी ३, असे ३७ सेंटिमीटर कागदाच्या एका बाजूस लागतात. दुसऱ्या बाजूस लांबी २० आणि दोन्ही टोकांना उंचीच्या पाऊण हिश्शाहून किंचित अधिक, म्हणजे चार-चार सेंटिमीटर, असे २८. याहून अधिक कागद टोकांशी आला तर घड्या जाड होतात, आणि सुबकपणा जो जातो तो तेथेच. फीत चौफुली बांधावयाची तर लांबीच्या बाजूने ५० आणि रुंदीच्या बाजूने ३४, असे ८४ सेंटिमीटर वेढ्याला, व गाठीच्या फुलासाठी आणखी अर्धा मीटर धरावा. घडीचे शेवटचे टोक आत खोचून वर फितीची गाठ आली, की चिकटपट्टीचे कामच उरत नाही. वाणी आणि वैद्य यांचे स्मरण येथे करावे.

गाठीचा विषय निघालाच आहे, तर त्या बाबतीत जपानी लोकांइतका सूक्ष्म विचार दुसऱ्या कोणी केल्याचे मला माहीत नाही. भेटीवर बांधावयाची दोरी ते कागद पिळून, त्याला खळ देऊन ताठ करतात, आणि तिला मिझुहिकी म्हणतात. या दोरीच्या गाठी मुख्यतः दोन. एक फुलपाखरासारखी, टोक ओढताच सुटणारी. ती अपत्यजन्मासारख्या पुन्हा पुन्हा यावेत अशा प्रसंगांना. दुसरी ओढावी तशी आवळत जाणारी. ती विवाहाला, कारण तो प्रसंग पुन्हा येऊ नये अशीच सर्वांची इच्छा असते. दुखवट्याच्या भेटीलाही हीच दुसरी गाठ, त्याच कारणासाठी. हे वाचताना मराठी वाचकाच्या ओठी जे दोन शब्द येतील, ते सुरगाठ आणि निरगाठ हेच होत. शब्द आपल्याजवळ आहेत. लग्नात वधूवरांच्या वस्त्रांची गाठ मारतानाही त्यांतला भेद आपण जाणतो. फक्त आहेरावर फीत बांधताना तो विसरतो. तेथे हवी तशी गाठ मारावी, पण कोणती मारतो आहोत हे जाणून मारावी.

जपान्यांचा फुरोशिकी नावाचा चौकोनी रुमालही असाच प्रसिद्ध आहे. स्नानगृहात कपडे बांधण्यासाठी निघालेला हा रुमाल पुढे कोणतीही वस्तू बांधावयास चालू लागला. बाटली, पुस्तक, कलिंगड, सारे त्यात बांधता येते, आणि भेट पोचली की रुमाल दुसऱ्या भेटीस मोकळा. आपल्या शिदोरीचे फडके याच गोत्रातले, आणि त्याहून वरच्या घराण्यातला खण. गुळेदगुड्डचा खण नारळाला गुंडाळून दिला तर वेष्टन आणि भेट हा भेदच उरत नाही. त्यात टाकाऊ असे काही नाही. जुन्या नऊवारीचे काठ, विजोड ब्लाउजपीस, शिंप्याकडील रेशमी कातरण यांची फीत व पोटल्या करणाऱ्या घरांतून बाजाराला काही मिळकत होत नाही, म्हणून त्यांच्या जाहिराती लागत नाहीत, इतकेच.

चकाकणाऱ्या कागदाविषयी दोन शब्द. तो पुष्कळदा कागद नसतोच. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर धातूचा मुलामा दिलेला असतो. मुठीत चुरगाळून मूठ सोडावी. चुरगळलेला राहिला तर कागद, पुन्हा फुलून वर आला तर प्लॅस्टिक. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा मखरांचे कारागीर पुठ्ठ्याकडे आणि कापडाकडे वळले. भेटी बांधणाऱ्यांनी मात्र तो हुकूम आपणास लागू नाही असे धरलेले दिसते.

आणि अखेर मजकूर. कार्डाच्या मुखपृष्ठावर दोन तास घालविणारे लोक आतील पानावर दोन मिनिटेही थांबत नाहीत, आणि छापील कार्डावर असतात तीच गुळगुळीत वाक्ये वळणदार अक्षरात उतरून काढतात. मायना आपल्या नात्याचा लिहावा. घरात ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने लिहावा. पुढे निदान एक वाक्य असे असावे, की ते त्या माणसावाचून दुसऱ्या कोणालाही लिहिता आले नसते. मग ते त्याच्या खोकल्याविषयी असले तरी चालेल. अक्षर वाईट असल्याची सबब सांगू नये. खाली सही आणि सहीखाली मिती. जुना कारकून मितीवाचून कागद दफ्तरात घेत नसे.

माझ्या एका आत्याने केलेले संक्रांतीचे कार्ड माझ्या संग्रही आहे. वहीच्या पुठ्ठ्याचे, पतंगी कागदाच्या दोन त्रिकोणांचे, डिंक पिवळा पडलेले. आत चिरंजीव म्हणून माझे घरातले नाव, दोन ओळी, आणि त्यांत एक ओळ माझ्या गणितातल्या गुणांविषयी. सही आहे. साल घालावयाचे राहिले आहे, आणि ते कोणते असावे हे सांगणारे आता घरात कोणी नाही.